पाळणाघरातला आंबूस वास

"माझ्या घराला वास येत नाही," त्या बाई दारातूनच म्हणाल्या. "आणि येत असेल, तर तो माझा नाही. कुणाचा आहे तेवढं शोधून द्या."

छोटीला त्यांना बसा म्हणायचीही उसंत मिळाली नाही. नेमक्या त्याच क्षणी कडेवरच्या तान्ह्या ढब्बूने प्यायलेल्या दुधातलं निम्मं तिच्या खांद्यावर परत केलं होतं. बाईंनी पुढे होऊन पोरीला अलगद उचललं, आडवी धरली, पाठीवरून दोनदा हात फिरवला. ढब्बू ढेकर देऊन हसली. हे सगळं त्यांनी बोलता बोलता केलं, जसं कुणी चालता चालता खुर्ची सरळ करतं.

"जा, कपडे बदलून ये," मावशी आतून म्हणाली. "धुतलेले घाल. आपल्याला बाहेर पडायचंय असं दिसतंय."

छोटीचं नाव छोटी पडलं तेव्हा ती घरातली धाकटी होती. आता तिला स्वतःची सात महिन्यांची लेक होती, तरी नाव काही मोठं झालं नव्हतं. बाळंतपणानंतर जुन्या नोकरीत तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती, म्हणून ती मावशीकडे कामाला लागली. मावशी पूर्वी विमा कंपनीत होती. जळालेली गोदामं बघून आग लागली की लावली, हे सांगायची. मग एका तापात तिचं नाक गेलं. गुलाब आणि गटार तिला सारखेच. नोकरी सुटली, तेव्हा तिने स्वतःच्या दारावर पाटी लावली आणि लोकांच्या भानगडी सोडवायला घेतल्या. छोटीला मात्र बाळंतपणापासून दोन घरं पलीकडची फोडणीसुद्धा कळायची. दोघींत मिळून एक नाक होतं, आणि ते छोटीचं होतं.

"आधीच सांगते," मावशी बाईंना म्हणाली, "मला वास येत नाही. अजिबात."

बाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "मग बरंच झालं. कित्येक दिवसांत तुम्ही पहिल्याच, जिच्यासमोर मी निर्धास्त बसते आहे."

त्यांना सगळे ताई म्हणायचे. तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत त्यांनी आयुष्यभर पाळणाघर चालवलं होतं. कामावर जाणाऱ्या आयांची पोरं सकाळी यायची, संध्याकाळी जायची. गेल्या वर्षी शेवटचं मूल शाळेत गेलं आणि ताईंनी पाळणे वाटून टाकले. आता घर विकून दूर टेकडीपाशी दोन खोल्या घ्यायच्या, एकटीने राहायचं, दुपारी कुणी न उठवता झोपायचं, असा त्यांचा बेत होता.

"पण गिऱ्हाईक येतं आणि नाक मुरडून जातं," ताई म्हणाल्या. "म्हणे आंबलेल्या दुधाचा वास येतो. बाळओकारीचा. भिंतींत मुरलाय म्हणे. तीन गिऱ्हाइकं गेली. मी बाहेर पडले की शेजारणी खिडकीतून बघतात. ज्या बायकांची पोरं मी धुतली, पुसली, त्या आता म्हणतात, तरीच आमच्या पोराचे कपडे तसे लागायचे."

"तुम्हाला तो वास आलाय कधी?"

"एकदाही नाही. मुलगा म्हणतो, आई, तुझं वय झालं, तुला आता कळत नाही. आणि म्हणतो, सोड नाद, आमच्याकडे राहायला ये. सुनेला दुसरं होणार आहे ना." ताईंनी ढब्बूला छोटीच्या हातात दिलं. "म्हणजे पाळणाघर पुन्हा सुरू. फक्त आता रविवारीही."

"आणि वास सापडला नाही तर?"

"तर मी जाईन त्याच्याकडे. दुसरं काय करणार? पण मान खाली घालून जायचं म्हटलं की पाय उचलत नाही."

* * *

घर स्वच्छ होतं. देखाव्यापुरतं नव्हे, रोज कुणीतरी मनापासून पुसतं, तसं. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि उजवीकडे आतली खोली, जिथे मुलं दुपारची झोपायची. खिडक्या सताड उघड्या होत्या. आतल्या खोलीत एक बुटका पलंग, फुलाफुलांचा पडदा आणि उशाशी बसका दिवा. दिव्याला पडद्याच्याच कापडाची टोपी होती.

"हा दिवा लावता?" मावशीने विचारलं.

"आता कशाला? झोपायला मुलं कुठायत. मी पुढे झोपते."

छोटीने ढब्बूला पलंगावर टेकवून घर नाकाखालून घातलं. मोरीत साबण. कपाटात जुनं लाकूड. भिंतींना नाक लावलं तर चुना. मावशी दर दोन मिनिटांनी विचारायची, "काय?" आणि छोटी म्हणायची, "काही नाही."

ढब्बू दिव्याच्या टोपीवरची फुलं पकडायला धडपडत होती. छोटी तिला ओढायला वाकली तेव्हा नाकाशी पुसटसा आंबूस वास आला. तिने लगेच स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं आणि ओशाळून मान फिरवली. हल्ली हे नेहमीचंच झालं होतं. कुठेही गेलं तरी दूध तिच्याबरोबर यायचं.

"गिऱ्हाईक येतं तेव्हा तुम्ही कुठे असता?" मावशी ताईंना विचारत होती.

"बाहेर. दलालाचा नियम आहे. मालकीण समोर असली की लोक मोकळेपणी बोलत नाहीत म्हणतो. संध्याकाळी परतले की आधी दिवे मालवते, खिडक्या उघडते, मग चहा. दिवसाढवळ्या घरभर दिवे जळत असतात, जसं काही लग्नच आहे."

"घराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"मुलाकडे. वरच्या मास्तरांकडे, कुणी अडकलं तर असावी म्हणून. दलालाकडे नाही. मी बाहेर पडताना फवारेवाल्याला आत घेते, तो काम करून दार ओढून घेतो."

फवारेवाला म्हणजे घरातले वास काढून देणारा. विकायची घरं, भाड्याने द्यायची घरं, जिथे कुणी सिगारेटी ओढल्या, कुत्री पाळली, ओल आली, तिथे तो पाठीवर टाकी लावून जायचा. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा घर नुसतं उजळावं म्हणून दलालाने त्याला पाठवला होता. वासाची बोंब उठली तेव्हापासून तो नियमाने येत होता.

वरच्या मजल्यावरचे मास्तर व्हायोलिन शिकवायचे. ताईंच्या पाळणाघरावर त्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या होत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

"दुपारी एक पोर रडायला लागलं की बाकीची साथ धरायची. तीही वरच्या पट्टीत. मी काठीने जमीन ठोकायचो."

"मग आता सूड उगवायला काय हरकत आहे?" मावशीने सरळ विचारलं.

मास्तर रागावले नाहीत. "बाई, गेलं वर्षभर खाली इतकं शांत आहे की माझं बेसूर मला स्वच्छ ऐकू येतं. एवढी वर्षं मला वाटत होतं, गोंगाटामुळे वाजत नाही. सूड उगवायचाच तर पोरं परत आणायला हवीत."

"वास आला कधी तुम्हाला?"

"वर नाही येत. एकदा गिऱ्हाईक आलं तेव्हा खाली डोकावलो. आतल्या खोलीत होता खरा. बाळाच्या दुपट्याला येतो तसा. संध्याकाळी ताईंना सांगायला गेलो तर काहीच नाही."

खाली येईपर्यंत ताईंचा मुलगा आला होता. चांगला, थकलेला, घाईत असलेला माणूस. आईने कुणा परक्या बाईला बोलावलं याचा राग त्याच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत चढला होता.

"घरात वास आहे, हे सगळ्यांना कळतं. फक्त हिला नाही. यात शोधायचं काय?"

"तुम्हाला आलाय?"

"एकदा आलो होतो ना गिऱ्हाइकाबरोबर. मलाच लाज वाटली." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघा, मी काही वैरी नाही. आमच्याकडे आली तर तिचीही सोय होईल, आमचीही. आणि घर काही पडून राहणार नाही. फवारेवाला म्हणालाय, कुणीच नाही घेतलं तर मी घेतो, वासासकट. भाव कमी देईल, पण घेईल. भला माणूस आहे. नाहीतर कोण घेतं?"

"मी मेल्यावर विका त्याला," ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"बघा," मुलगा मावशीला म्हणाला. "हे असं आहे."

* * *

दलालाच्या कचेरीत टेबलावर प्लास्टिकची फुलं होती आणि दलालाच्या चेहऱ्यावर तसंच हसू.

"मला कशाला हवाय वास?" तो म्हणाला. "घर विकलं तर माझं पोट भरतं. मी तर आल्या गिऱ्हाइकाला गेटवरच कल्पना देतो, म्हणजे आत गेल्यावर धक्का नको."

"आज वास आहे की नाही, हे तुम्हाला गेटवर कसं कळतं?"

"फवारेवाला सांगतो. तो आधी येऊन शेवटचा हात मारतो, मग गेटवर थांबतो. प्रामाणिक आहे बिचारा. मोकळेपणी सांगतो, साहेब, आज परत आलाय, आतल्या खोलीत आहे. आणि असतोच. कधी चुकला नाही. एकदाच म्हणाला, आज नाही. तेव्हा नव्हताच."

"त्या दिवशी गिऱ्हाइकाला घर का नाही आवडलं मग?"

"गिऱ्हाईक आलंच नाही. सकाळीच नको म्हणून कळवलं होतं. मी फवारेवाल्यालाही सांगितलं, तर म्हणे आलोच आहे तर काम करून जातो. मी सहज आत डोकावलो. घर चकाचक, दिवेही लावलेले नव्हते."

"तुम्ही आत जाता तेव्हा दिवे तुम्ही लावता?"

"एरवी लावलेलेच असतात. त्याचं म्हणणं, उजेडात घर मोठं दिसतं. बरोबर आहे त्याचं."

घरी परतताना ढब्बू छोटीच्या छातीशी गाढ झोपली होती. छोटी म्हणाली, "मावशी, एक सांगू? हसू नकोस. आतल्या खोलीत मला क्षणभर तो वास आला. पण तो माझाच. खांद्यावर हिचं दूध असतं ना."

मावशी थांबली. "ती शेवटची कधी ओकली?"

"ताई आल्या तेव्हा."

"आणि नंतर?"

"नंतर नाही. वाटेत झोपली होती."

"हं," मावशी म्हणाली आणि पुन्हा चालू लागली. पण आता तिची चाल बदलली होती. छोटीला वाटलं, मावशीला भूक लागली असावी.

* * *

फवारेवाल्याला बघायला म्हणून दोघी पुन्हा ताईंकडे गेल्या. नातलग, सामान बांधायला आलेल्या, एवढीच ओळख ताईंनी करून दिली. मावशीने बजावल्याप्रमाणे बाकी काही सांगितलं नाही. मग त्या पुढच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर बसल्या. फुलाफुलांचं काहीतरी शिवत होत्या. जाताना चहासाठी दूध मंद आचेवर ठेवून गेल्या होत्या.

फवारेवाला नीटनेटका, गोड बोलणारा माणूस निघाला. औषधांच्या बाटल्यांची पेटी त्याने स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आणि ओट्याला टेकून मावशीशी गप्पा मारू लागला. छोटी मशीनजवळ बसून ढब्बूला पाजत होती. आतलं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"एकेक घर म्हणजे एकेक माणूस," तो सांगत होता. "काहींचा राग भिंतीत असतो, काहींचं म्हातारपण."

"आणि वास गेला हे कसं ओळखता?"

"मी माझ्या नाकाला विचारत नाही. घरच्यांना विचारतो. तुम्हीच सांगा म्हणतो, आता कसं वाटतंय? घर त्यांचं, नाक त्यांचं."

"फार नम्र आहात."

"धंद्यात नम्र राहावंच लागतं, बाई."

तेवढ्यात छोटीच्या नाकाला करपट झणका लागला. ती ढब्बूला तशीच छातीशी धरून आत धावली. पातेल्यातलं दूध खाली लागलं होतं. वरून पांढरंशुभ्र, शांत, तळाशी काळं. आणि पातेल्यापासून हातभर अंतरावर मावशी आणि फवारेवाला समोरासमोर उभे राहून घरांच्या स्वभावाबद्दल बोलत होते.

"अहो, दूध लागलं," छोटीने गॅस बंद केला.

"अरेरे, बोलण्याच्या नादात..." फवारेवाला म्हणाला.

मावशीचं तर छोटीला माहीतच होतं. पण हा बुवाही बोलायला लागला की जग विसरतो, असं मनात म्हणत तिने पातेलं घासायला घेतलं. मावशीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "पातेलं जाऊ दे. मला आज फार दिवसांनी कुणीतरी आपलं माणूस भेटलंय."

छोटीला यातलं ओ की ठो कळलं नाही.

* * *

पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा सकाळ उतू गेली होती आणि ऊन अंगणात पसरलं होतं. मावशी आणि छोटी मास्तरांच्या खिडकीत उभ्या होत्या. खाली ताई फवारेवाल्याला आत घेऊन बाहेर पडल्या, पण कोपऱ्यावरून वळून मागच्या जिन्याने वर आल्या आणि मास्तरांच्या खुर्चीत बसल्या. मुलालाही मावशीने बोलावून घेतलं होतं. तो घड्याळाकडे बघत उभा होता.

थोड्या वेळाने फवारेवाला दार लोटून गेटकडे गेला. तिथे दलाल एका नवरा-बायकोला घेऊन पोचला होता.

"आत्ता," मावशी म्हणाली. तिने ताईंच्या हातातली कापडी पिशवी घेतली, मागच्या जिन्याने खाली गेली आणि ताईंनी उघडं ठेवलेल्या मागच्या दाराने घरात शिरली. लगेच परतली. "चला. सगळे चला."

दलालाला हे मुळीच आवडलं नाही. मालकीण, तिचा मुलगा, वरचे मास्तर, दोन अनोळखी बायका, त्यातली एक कडेवर मूल घेऊन. "घर बघायचंय की सभा घ्यायचीय?" तो पुटपुटला.

"सभाच," मावशी म्हणाली. "छोटीशी. आतल्या खोलीत."

सगळे दाटीवाटीने आत उभे राहिले. उशाचा दिवा भरदिवसा जळत होता. फवारेवाला शेवटी आला, पेटी पायाशी ठेवून, हात जोडून.

"तुम्ही गेटवर यांना काय सांगितलंत?" मावशीने दलालाला विचारलं.

"लपवायचं काय त्यात? आज वास आहे, आतल्या खोलीत आहे, असं हे म्हणाले. मी तेच सांगितलं."

मावशीने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. नाकपुड्या फुगवल्या. चेहरा वाकडा केला. छोटीने तिला असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"आला," मावशी म्हणाली. "आला बाई. तुम्हाला?"

"आला तर," फवारेवाला सहानुभूतीने म्हणाला. "तोच. आंबलेल्या दुधाचा. भिंतीतून येतोय, इथून. एवढी औषधं मारली, पण घराने धरून ठेवलाय."

दलालाने नाकाला हात लावला. मास्तर खिडकीकडे सरकले. घर बघायला आलेली बायको छोटीकडे बघून हसू दाबत होती. छोटीचे कान तापले. तिला तर या खोलीत उभं राहणंच अवघड झालं होतं, आणि त्याचा दुधाशी काही संबंध नव्हता.

"अहो," ती बायको शेवटी म्हणाली, "दुधाचा कुठला? बाळाने कार्यक्रम उरकलाय."

मास्तर फस्सकन हसले. ढब्बूही हसली.

"ही मदत मी मागितली नव्हती," मावशी म्हणाली. "पण आभारी आहे. मला तर पत्ताच नाही, कारण माझं नाक गेलेलं आहे. मी आत्ता नाटक केलं. तुम्हीही केलंत." ती फवारेवाल्याकडे वळली. "सगळी खोली ज्या वासाने भरली तो तुम्हाला आला नाही, आणि जो खोलीत नाहीच तो आला. काल तुम्ही करपत्या दुधाशेजारी उभे होतात, मीही होते. दोघांपैकी एकालाही कळलं नाही. घरचेच सांगतील, घर त्यांचं, नाक त्यांचं. नाक नसलेला माणूस असंच जगतो. मी पण पाहुणे आले की दुधाचं पातेलं आधी त्यांच्यापुढे धरते."

फवारेवाल्याचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग त्याने त्याची पुन्हा नीट घडी घातली. "औषधांत जन्म गेला, बाई. गेलं नाक. धंदा बुडेल म्हणून बोललो नाही. हा काय गुन्हा झाला?"

"नाही. मला तुमच्याबद्दल वाईटही वाटलं. पण मग एक अडतं." मावशी पलंगाच्या कडेला बसली. "तुम्ही या घरात एकटे असता. कुणी सांगायला नसतं. तरी बाहेर येऊन गेटवर सांगता, आज वास आहे, आतल्या खोलीत आहे. आणि दलालसाहेबांच्या शब्दांत, कधी चुकत नाही. ज्याला वास येत नाही, त्याला रिकाम्या घरातला वास कसा कळतो? एकच वाट उरते. तो त्यानेच ठेवलेला असतो."

"उगाच काहीतरी," फवारेवाला म्हणाला.

"ज्या दिवशी गिऱ्हाईक येणार नव्हतं, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, आज नाही. भिंतीत मुरलेल्या वासाला गिऱ्हाईक येणार नाही हे कसं समजलं? मुलाकडे किल्ली आहे, मास्तरांकडे आहे. पण त्या सकाळी गिऱ्हाईक येणार नाही हे दलालसाहेबांनी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

दलालाने मान हलवली. हसू पहिल्यांदाच पूर्ण गेलं होतं.

"पण वास होता कुठे?" मुलाने विचारलं. "मी स्वतः घेतलाय."

"तुम्ही आलात तेव्हा हा दिवा चालू होता. मास्तर आले तेव्हाही. आई परतते, दिवा मालवते, खिडक्या उघडते आणि वास संपतो. या घरात हा दिवा फक्त गिऱ्हाइकासाठी लागतो, आणि तो हे लावतात." मावशीने पिशवीतून घट्ट झाकणाचा डबा काढला आणि ताईंच्या हातात दिला. "दिव्यावर आत्ता आहे ती टोपी नवी आहे. ताईंनी पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवली. हे गेटवर गेले तेव्हा मी बदलली. दिवा अजून तापायचाच होता. जुनी यात आहे, आजच्या ताज्या हातासकट."

ताईंनी झाकण उघडलं. टोपीच्या आतल्या बाजूला पिवळट, तुपकट थर होता. त्यांनी वास घेतला. मग डबा मुलाच्या नाकाखाली धरला. तो मागे सरकला.

"नासलेलं दूध आणि खवट लोणी," मावशी म्हणाली. "थंड असलं की जवळ गेल्याशिवाय कळत नाही. उबेने उठतं. औषधांच्या पेटीत एक बाटली कमी-जास्त कोण बघतंय?"

फवारेवाल्याचा हात पेटीच्या कडीकडे गेला होता. मास्तरांनी पाय पुढे करून पेटी आपल्याकडे ओढली.

छोटी मघापासून डब्याकडे बघत होती. "मावशी, त्या दिवशी तो वास... मी दिव्याकडे वाकले होते."

"हो. धुतलेले कपडे घालून. आणि पोरगी नंतर ओकलीच नव्हती. तरी तू म्हणालीस, माझाच." मावशीचा आवाज जरा कठीण झाला. "याने नेमकं हेच हेरलं होतं. पाळणाघर म्हटलं की दुधाचा वास कुणालाही पटतो. शेजारणींना पटला, मुलाला पटला. या बाईंनी मात्र पटवून घेतला नाही. नाहीतर घर कधीच याच्या घशात गेलं असतं, वासासकट. आणि महिन्याभरात वास गेला म्हणून दुप्पट भावाने विकलं असतं."

दलाल हळूच खाली बसला. "नदीकाठचं घर," तो म्हणाला. "आणि त्या आधीचं, म्हाताऱ्या गृहस्थांचं. दोन्ही यानेच घेतली. त्यांना म्हणाला होता, तुमच्या आजारपणाचा वास आहे."

फवारेवाल्याने सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं, आणि कुठेच जागा मिळाली नाही तेव्हा ताईंकडे.

"काय हवंय तुम्हाला?" तो म्हणाला. "औषधाचे पैसे परत करतो. माफी मागतो."

"मास्तर पोलिसांना फोन करतील, पुढचं ते बघतील," ताई म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्या गृहस्थांनाही बोलावतील. मला फक्त एक वाक्य हवंय. वास माझा होता, यांच्या घराचा नव्हता. म्हणा."

तो पुटपुटला.

"इथे नको. इथल्यांना कळलंय." ताईंनी खोलीचं दार उघडलं, मग घराचं. "वरच्या मजल्यापासून सुरुवात करू. मग समोरचं घर, मग कोपऱ्यावरचं. प्रत्येक दारात. मोठ्याने. मी मागे उभी राहते, पोलिस येईपर्यंत जेवढी दारं होतील तेवढी."

"आई, आता कशाला तमाशा?" मुलगा म्हणाला.

"तमाशा झालाच होता. मी एकटी त्यात होते." त्यांनी मुलाच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली. लहानपणापासूनचा हात, तसाच. "तुझं बाळ झालं की मी येईन. चार दिवस, पाहुणी म्हणून. चहा तू करायचास. मग टेकडीवर माझ्या घरी परत जाईन."

मुलाने मान डोलावली. फार आनंदाने नाही, पण डोलावली.

"आम्ही घर बघू का?" ती बायको जरा भीतभीतच म्हणाली. "म्हणजे, आता?"

"बघा. भिंतींना नाक लावून बघा. भाव एक पैसा कमी होणार नाही."

ताई बाहेर पडल्या. जिन्यावर आधी कुजबुज ऐकू आली, मग ताईंचा खणखणीत आवाज, "ऐकू नाही आलं," आणि मग फवारेवाल्याचा, मोठा आणि फाटका. वरचं एक दार उघडलं. दुसरं उघडलं.

छोटी ढब्बूला आणि दुपट्यांच्या थैलीला सावरत मोरीकडे निघाली होती. एवढ्या लोकांत तिला कधी एकदा दाराआड जाते असं झालं होतं. उंबऱ्याशीच ताई परत आत डोकावल्या. पायातली चप्पल बदलायला आल्या होत्या.

"कुठे लपायला निघालीस?" त्या म्हणाल्या. "पलंग आहे की. इथे बदल, उजेडात. पोर आहे ती, तिला वास येणारच."

आणि चप्पल पायात सरकवून त्या पुढच्या दाराकडे चालू लागल्या.